पहिली टाळी

२ नोव्हेंबर

धाकटे,

यंदा मी महोत्सवाला येणार नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर तुला वाटायचं, ताईने समेटासाठी पत्र धाडलं. समेट भांडलेल्यांचा होतो. मी भांडले नव्हते. मी टाळी वाजवली होती.

कार्यक्रमपत्रिका येऊन पंधरा दिवस झाले. दरवर्षी ती आली की मी हातातली कवळी तशीच टेबलावर टाकून तुला फोन करायचे आणि "तिसऱ्या दिवशी चौथं कोण आहे ते वाच, आधी वाच" म्हणून ओरडायचे. मग ती कपाटाच्या दारावर चिकटवायची आणि तांबड्या पेन्सिलीने रोज एक दिवस खोडायचा. सव्वीस वर्षं हेच चाललं. आई गेली त्या वर्षीसुद्धा खोडले, आणि आपल्याला कोणी नावं ठेवली नाहीत, कारण त्या मैदानावर आपल्याला पहिल्यांदा तीच घेऊन गेली होती. यंदा पत्रिका मला प्लास्टरच्या पोत्याखाली सापडली. तिच्यावर पांढरा गोल उठलाय. मी तो पुसला नाही. पाकीट उघडलंही नाही.

हौस फिटली म्हण. पूर्वी गोदामामागच्या त्या मैदानावर सतरंजी टाकून, डावीकडच्या तिसऱ्या खांबाला पाठ लावून बसायचो. आता आकडे घातलेल्या खुर्च्या आल्या. शेजारी भलामोठा पडदा आला, त्याच्यावर गाणाऱ्याच्या नाकपुड्या दिसतात. मला नाकपुड्या बघायच्या असत्या तर दातांचं काम सोडून नाकांचं घेतलं असतं. आणि आवाज? गेली दोन वर्षं बासरी रजईतून वाजल्यासारखी येते. नवे गवई शब्द चावून बोलतात. आवाजाच्या टेबलावरचा तो म्हातारा, त्याला मी दोनदा जाऊन सांगितलं, वरची पट्टी उघड, सगळं गुळमुळीत येतंय. तो म्हणाला, "बाई, उघडीच आहे." त्याचे कान गेले असणार. वय झालं की माणसाने जागा सोडावी.

मैदानाच्या कडेच्या झाडांवर आता पाखरंसुद्धा राहिलेली नाहीत. चार दिशांनी कलकलाट असायचा, आई म्हणायची, ह्यांचीही मैफल आहे. गेल्या वर्षी चिडीचूप. त्यांनाही कंटाळा आला असेल.

तेव्हा यंदा नाही. माझी वाट बघू नकोस. बघत नसशीलच.

ताई

१९ नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर नाही. बरं. मग गेल्या जानेवारीत काय झालं ते मीच एकदा नीट लिहून काढते, कारण तू नात्यागोत्यात जे सांगत फिरतेस ते माझ्यापर्यंत आलंय. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी गप्प होते. पण कवळ्या करणाऱ्या बाईने किती दिवस दातओठ खात बसायचं?

पहिली टाळी माझी, हे मी ठरवलेलं नाही. मैदानाने ठरवलं. लोकांना गाणं संपलं कधी ते कळत नाही. कोणी आधीच वाजवतात, कोणी शेजाऱ्याकडे बघून वाजवतात. मला कळतं. शेवटचा सूर विरतो, मग एक श्वास जातो, मग टाळी. त्या श्वासाच्या आधी वाजवली तर उतावीळ, नंतर वाजवली तर शिळी. कितीतरी वर्षं तिसऱ्या खांबाकडून माझी टाळी पडली की मग सगळं मैदान उठायचं. आवाजवाल्या म्हाताऱ्याने मला नावच ठेवलं, "पहिली टाळी आली का हो?" असं तो तुला विचारायचा. तुला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं.

टाचणी त्या मंचावर पहिल्यांदाच वाजवणार होती. एकोणीस वर्षांची पोर, नावासारखीच बारीक आणि टोकदार. तिचं पहिलं व्हायोलिन मी घेऊन दिलं होतं, हे मी उगाळत नाही. तिची मावशी म्हणून मला काय वाटत होतं ते तुला माहीत आहे.

तिने सुरेख वाजवलं. हे मी तेव्हाही म्हणाले होते, पण ते तू गाळतेस. शेवटी ती चढत गेली, एकेक सूर वर, आणखी वर. मग सूर थांबला आणि गज मात्र तारेवर फिरतच राहिला. मला वाटलं, घाबरली. संपलंय आणि हिला हात खाली घ्यायचं सुचत नाहीये. मी एक श्वास थांबले. मग टाळी वाजवली. माझ्यामागून चारशे माणसांनी वाजवली. तिने गज खाली घेतला.

पुढचं मंचाच्या मागे झालं. ती व्हायोलिन पेटीत ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, तू घाई का केलीस?"

मी म्हणाले, "घाई कसली? सूर संपला होता. नुसता गज फिरवून लोकांना फसवता येतं बाळा, मला नाही."

तिने पेटी बंद केली. तू म्हणालीस, "माझ्या पोरीपेक्षा तुला तुझी टाळी प्यारी." आणि दोघी गेलात. आपल्या दोन खुर्च्यांवर सवयीने टाकलेली सतरंजी मी एकटीने झटकली.

आता तूच सांग, ह्यात मी खोटं काय बोलले?

ताई

७ डिसेंबर

धाकटे,

तुला हसवायला एक किस्सा लिहिते. हसू आलं तर गुपचूप हस, मला कळवू नकोस.

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आले. डॉक्टरांनी माप पाठवलं होतं, वरची-खालची पूर्ण कवळी मीच केली होती. नेऊन चार दिवस झाले नाहीत तर हे दारात हजर. म्हणे, कवळी शिट्टी मारते. बोलायला लागलो की नातवंडं हसतात.

असं होतं कधी कधी. पुढच्या दातांची बैठक केसभर चुकली की 'स' म्हणताना फटीतून वारा जातो. एवढ्या वर्षांत माझ्या हातची एकही कवळी शिट्टी वाजवत गेलेली नाही, कारण मी कानाने तपासते. माणसाला समोर बसवते आणि म्हणायला लावते, "सासऱ्याने सशाला साठ शेंगा सोलल्या." मास्तरांनाही तेच म्हणायला लावलं होतं आणि पास केलं होतं.

तर मास्तर खुर्चीत बसले आणि परत म्हणाले. मी कान देऊन ऐकलं. स्वच्छ. एकदम स्वच्छ. मी म्हणाले, "मास्तर, काही नाही. तुम्हाला सवय नाही अजून."

तेवढ्यात मागे मेणवाली फिस्सकन हसली. तीच ती, माझ्या शेजारच्या टेबलावर मेणात दात बसवते ती. म्हणाली, "अहो ताई, काही नाही काय? आगगाडी सुटली की!" मास्तरही हसले. पुन्हा म्हणाले. मेणवालीने कानांवर हात ठेवले. मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलत होते, 'स' येत होता, शिट्टी नव्हती.

दोघांनी मिळून माझी थट्टा केली असणार. तरी मी पुढचे दोन दात पाव सूत मागे घेतले आणि परत लावून दिली. मेणवाली म्हणाली, "आता गेली." मी म्हणाले, "हो, गेली." मास्तर खूश होऊन गेले.

काय माणसं असतात एकेक.

घरी चहाची शिट्टीवाली किटली आहे ना, तुझीच भेट, ती बिघडली आहे. दोनदा पाणी आटून बूड जळलं. दारावरची घंटीही नादुरुस्त आहे. हल्ली कशालाच टिकाव नाही.

ताई

१५ डिसेंबर

धाकटे,

किटली बिघडलेली नाही.

मेणवालीने मला हाताला धरून कानाच्या तपासणीला नेलं. मी जाणार नव्हते. ती म्हणाली, "ताई, तुमच्या टेबलावरचा फोन वाजतो तेव्हा मी उचलते. दीड वर्ष झालं. तुम्हाला वाटतं फोन येतच नाहीत." तिने दीड वर्ष तोंडातून ब्र काढला नव्हता. मला आधी तिचा राग आला, मग दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी नवा मेणाचा चमचा घेतला.

तिथे एक कपाटाएवढी खोली असते, भिंतींना गादी लावलेली. कानांवर टोप्या घालतात, हातात बटण देतात. काचेपलीकडे एक तरुण बाई बसते. "आवाज आला की दाबा." मी आयुष्यात कुठल्या परीक्षेत नापास झालेली नाही. मी दाबत गेले. मध्ये बराच वेळ काही आलं नाही, तर मी अंदाजाने दाबलं. आता येऊन गेला असेल, एक श्वास थांबावं आणि दाबावं. पुन्हा एक श्वास, पुन्हा दाबलं. बाई दार उघडून आत आली. हळूच म्हणाली, "काकू, मी दोन मिनिटं झाली काही वाजवलंच नाहीये."

धाकटे, मला तिथल्या तिथे टाचणीचा गज दिसला.

तिने कागदावर रेघ काढून दाखवली. खालचे आवाज ठीक आहेत. वर जाताना रेघ एकदम कोसळते, शिडीच्या वरच्या पायऱ्या कापून टाकाव्यात तशी. तिने विचारलं, काम काय करता. मी सांगितलं, कवळ्या घासते, यंत्रावर. किती वर्षं? एकतीस. कानात बोळे घालत नव्हता? मी म्हणाले, "बोळे घातले असते तर गाणी कशी ऐकली असती?" तुला माहीत आहे, मी त्या यंत्राच्या किंचाळण्याच्या वर रेडिओ लावायचे. महोत्सवाची तयारी म्हणून. त्या बाईने ते कागदावर लिहून घेतलं. कानाचं यंत्र लावून बघू म्हणाली, पण जिथे काही उरलेलंच नाही तिथे यंत्र तरी काय मोठं करणार, हेही तिनेच सांगितलं. लावलं. आता मला माझी चप्पल फार मोठ्याने ऐकू येते. पाखरं नाहीतच.

म्हणजे तो सूर होता. चारशे माणसं तो ऐकत होती आणि मी त्याच्यावर टाळ्या ओतल्या. वर त्या पोरीला लबाड म्हणाले.

मला लाज वाटते. हे वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा लिहिलं आणि आता राहू देते.

पण कीव करायला येऊ नकोस. मी दहा बोटांची बाई आहे, माझं काम बोटांत आहे. शिट्टी मेणवाली ऐकेल, दात मी लावीन. आणि महोत्सवाला तर आता खरंच येणार नाही. कशाची वाट बघू? नाकपुड्यांची?

टाचणीला काही सांगू नकोस. माझं मी सांगेन.

ताई

३ जानेवारी

धाकटे,

तुझं कार्ड आलं. अकरा महिने उलटून गेल्यावर दोन ओळी. "टाचणी यंदाही तेच वाजवणार आहे, तिसऱ्या दिवशी, चौथी. शेवटचा सूर तिने काढून टाकला आहे."

काढून टाकला म्हणजे काय? कोणाला विचारून?

मी पत्रिका उघडली नाही असं लिहिलं होतं, ते खोटं. आली त्याच दिवशी उघडली. तिचं नाव पाहिलं आणि पोत्याखाली मीच ठेवली. मला वाटलं होतं, ती वाजवेल, मी नसेन, सगळं सुरळीत होईल. घाण करून जागा सोडली की जागा आपोआप स्वच्छ होते असं मला वाटलं. तसं होत नाही, हे तुझ्या कार्डाने कळलं. माझ्या एका टाळीने पोरीने स्वतःच्या वाजवण्याची शेंडी छाटून टाकली.

तेव्हा पुढचं टाचणीला वाचून दाखव. जसंच्या तसं, मध्ये तुझं काही घालू नकोस.

टाचणे, तू गेल्या वर्षी लबाडी केली नव्हतीस. तो सूर होता. माझा कान नव्हता. तपासणीचा कागद सोबत जोडलाय, त्याच्यावर रेघ कुठे पडते ते बघ, त्याच्या वर तू वाजवत होतीस. मी तुला जे बोलले ते चूक होतं आणि ते बोलताना मला शंभर टक्के खात्री होती, हे जास्त वाईट. तू मला माफ कर किंवा करू नकोस, तुझी मर्जी. पण सूर परत घाल. एका बहिऱ्या बाईसाठी तू पुढच्या चारशे लोकांना उपाशी ठेवणार? मला ऐकू येणार नाही, म्हणून काय झालं? त्यांना येईल. मला ऐकू येतं तेवढंच वाजवायचं असं ठरलं, तर उद्या जगात नुसते ढोल उरतील.

संपलं तिचं. आता तुला.

मी येणार आहे. खुर्ची घेतली, तिसऱ्या खांबाजवळची. पत्रिका कपाटावर चिकटवली आहे. तांबडी पेन्सिल सापडत नाही, निळीने खोडतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या दिवसाची भीती वाटते, पण रोज खोडते.

तू दरवर्षी माझ्याशेजारी बसायचीस. यंदा बसू नकोस, पोरीजवळ मंचाच्या बाजूला उभी राहा, तिला तुझी गरज आहे. फक्त एक कर. सूर संपला की मंचाच्या कापडी पडद्याच्या कडेतून हात बाहेर काढ. संपला की, आधी नाही. मला कोण मध्येच वाजवतंय हे बघायचंय, आणि ती मी नसेन. तोपर्यंत मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसेन. तुझा हात दिसला की वाजवीन. पहिली. ती मी कोणाला देणार नाही, बहिरी झाले म्हणून तर मुळीच नाही.

हात काढायचा नसेल तर काढू नकोस. मग मी हात मांडीखालीच ठेवून घरी येईन. पण तिला सूर घालायला सांग.

ताई

१९ जानेवारी

धाकटे,

तू पडद्यामागे होतीस, म्हणून खांबाकडून काय दिसलं ते सांगते.

पहिले दोन दिवस मी आले नाही. काल तिसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्राला आले. आवाजवाला म्हातारा मला बघून उठून उभा राहिला. मी त्याला सांगितलं, "तुमचे कान शाबूत आहेत. माझे गेलेत. मागे जे बोलले ते परत घेते." तो म्हणाला, "बाई, तुम्ही आलात, बास झालं." मी त्याला शिव्या घालत असताना तो मान हलवायचा, तशीच हलवली.

पहिली तिघं कशी झाली मला सांगता येणार नाही. माझं लक्ष नव्हतं.

टाचणी आली. बारीक झाली आहे, तिला जेवायला घाल. तिने खांबाकडे बघितलं नाही. वाजवायला लागली. खालचं सगळं मला आलं, यंत्रातून जरा पत्र्यासारखं, पण आलं. मग ती चढायला लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी. मी हात मांडीखाली घेतले. माझी शिडी संपली. मला वाटलं, आता ही थांबणार, सूर काढून टाकलाय, गज खाली येणार.

गज खाली आला नाही. फिरत राहिला.

मला काहीही ऐकू येत नव्हतं, धाकटे. काहीही नाही. म्हणून मी बघत बसले. सव्वीस वर्षं मी मंचाकडे तोंड करून बसले, लोकांकडे कधी बघितलंच नव्हतं. माझ्या बाजूची बाई पिशवीत काही शोधत होती, तिचा हात पिशवीतच थांबला. एक म्हातारा थर्मासमधून ओतत होता, त्याने थर्मास सरळ केला आणि तसाच धरला. आवाजवाल्याने टेबलावरून बोटं उचलून हवेत धरली होती. एक तान्हं मूल होतं, ते वर झाडाकडे बघत होतं. तो सूर मला त्या सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. किती वेळ चालला ते मला माहीत नाही. माझे हात बधिर झाले.

मग गज थांबला. आणि कोणीही टाळी वाजवली नाही.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग दिसलं, आवाजवाला माझ्याकडे बघतोय. पुढच्या दोन रांगा मान वळवून माझ्याकडे बघताहेत. ते माझ्यासाठी थांबले होते. मी पडद्याकडे बघत होते. पडदा हलत नव्हता. मला वाटलं, तू काढणार नाहीस. तुझा हक्क आहे तो. मला एवढा राग आला की विचारू नकोस, तुझा नाही, माझाच.

आणि हात आला. आईची बांगडी घातलेला. मला माहीत नव्हतं तू अजून ती घालतेस.

मी वाजवली. जरा उशिराच पडली, शिळी म्हणावी इतकी. पण पहिली होती. मग मैदान उठलं, आणि ते मात्र मला सगळं ऐकू आलं.

टाचणीने वाकून नमस्कार केला आणि मग गज उचलून त्याचं टोक तिसऱ्या खांबाकडे रोखलं. शाबासकी होती की दटावणी, मला कळलं नाही. मला दोन्ही चालेल, तिला सांग.

मी मंचाच्या मागे आले नाही, कारण मी रडत होते आणि तुम्ही दोघींनी ते बघावं असं मला वाटत नव्हतं. आता कळलंच आहे तर रविवारी ये. दारावर घंटी वाजवू नकोस, धक्के मार.

आणि पुढच्या वर्षी हात जरा वर काढ. माझ्या पुढे बसणारा टोपी घालून येतो.

तुझी ताई